पाझर

त्याला सगळे भडकू म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. कालव्यावर पाटकरी म्हणून एकतीस वर्षं काढलेली. कुठल्या दारातून किती पाणी सोडायचं हे त्याच्या हातांना ठाऊक होतं. चोरून दार उचलणाऱ्याच्या तो सात पिढ्या उद्धरायचा.

त्या वर्षी नवे साहेब आले. कालवा मातीचा, तिसरा हिस्सा पाणी वाटेतच मुरतं, म्हणून त्यांनी तळापासून काठापर्यंत सिमेंट करायचं ठरवलं.

"साहेब, मुरतं ते वाया जात नाही," भडकू म्हणाला. "खालच्या वस्तीच्या विहिरी त्यावरच जगतात."

"हिशेबात ती गळतीच. तुम्ही दारं सांभाळा."

आणि जन्माचा भांडखोर भडकू नेमका तेव्हा गप्प बसला.

दुसऱ्याच उन्हाळ्यात विहिरी आटल्या. लोकांनी बोअर मारले, एकाचं पाहून दुसऱ्याने आणखी खोल. पाणी लागलं ते खारट. भडकूच्या धाकट्या बहिणीची तिथे रोपवाटिका होती. त्या खाऱ्या पाण्याने चार हजार रोपं उभ्या उभ्या करपली.

"दादा, तुला माहीत होतं ना?" तिने एवढंच विचारलं.

इकडे कालव्याचं पाणी वाचवल्याबद्दल खात्याला शाश्वत विकासाचं पारितोषिक मिळालं. समारंभात एक शास्त्रज्ञ बाई पडद्यावर रेषांचं जाळं दाखवत होत्या. पाणी, माती, माणसं सगळी एकमेकांत गुंतलेली; एक धागा ओढला की भलतीकडेच गाठ बसते, असं त्यांचं शास्त्र. मग सगळ्यात जुना पाटकरी म्हणून प्रशस्तिपत्रासाठी भडकूला मंचावर बोलावलं. त्याने ते घेतलंच नाही.

"बाई, या जाळ्यात आमची वस्ती कुठंय?" तो कडाडला. "धागा यांनी ओढला, फास तिकडे बसला!"

"खाली बसा!" साहेब ओरडले.

"बसलो होतो एकदा गप्प. बहिणीचं वाटोळं झालं!"

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः वस्तीत आल्या. भडकूने प्रत्येक विहिरीत दोर सोडून त्यांना पाणी मोजून दाखवलं. त्यांचा अहवाल घेऊन तो आठ महिने कचेरीत भांडला, तेव्हा कुठे तीन ठिकाणी सिमेंट फोडून पाण्याला मुरायला वाट मिळाली. पाच विहिरींना पाणी आलं. बहिणीची विहीर कोरडीच राहिली, बोअर खारटच. ती रोपवाटिका मोडून लेकीकडे राहायला गेली.

साहेबांना बढती मिळाली. "झालं गेलं विसरा आता," निरोपाच्या चहाला ते भडकूला म्हणाले.

"विसरायला मी काय साहेब आहे?" भडकू म्हणाला, आणि चहा तसाच ठेवून कालव्याकडे चालू लागला.