पाण्याची डावी बाजू

पाणीपुरवठा विभागात तिला सगळे शाईताई म्हणत. अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या पेरांवर शाईचे डाग कायमचे वस्तीला आलेले. लग्नाच्या फोटोतही ते दिसतात. "मुलगी हात न धुताच आली की काय?" असं सासूबाईंनी तेव्हा विचारलं होतं, हे ती स्वतःच हसत सांगे.

काम नकाशे काढण्याचं. रस्त्याखालून पाण्याचा नळ कुठून जातो, कुठे वळतो, पाणी बंद करायचे व्हॉल्व्ह नेमके कुठे आहेत, हे सव्वीस वर्षं टेप घेऊन, उन्हातान्हात पायी फिरून तिनं एका लांबट वहीत उतरवलं होतं. व्हॉल्व्हवरची लोखंडी झाकणं एकदा डांबराखाली गेली की ती वही हाच आधार. नोंदी अशा: "डावी, साडेचार फूट. शिंप्याच्या पायरीपासून अकरा पावलं."

तिचं एक जुनं रडगाणं होतं. रस्तेवाल्यांनी गुळगुळीत रस्ता करावा आणि आठच दिवसांत पाणीवाल्यांनी तो उकरावा. "पाच खात्यांचे पाच नकाशे, आणि पाचही कपाटांना कुलपं! अरे, एकमेकांना दाखवा तरी!" दरवर्षी ती तसा अर्ज करी आणि दरवर्षी तो फायलीत जाऊन पडे. शेवटी एकदाचं वरून ठरलं. सगळ्या खात्यांचा मिळून एकच नकाशा, कॉम्प्युटरवर, ज्यानं त्यानं आपली माहिती त्यात भरायची. त्या दिवशी शाईताईनं अख्ख्या ऑफिसला चहा पाजला.

तिचा धाकटा भाऊ रस्ते विभागात होता. आईवडिलांमागे तिनंच वाढवलेला. नोकरीला लागला तेव्हा सुट्टीच्या दिवशी त्याला बरोबर घेऊन ती नळांच्या मार्गानं हिंडली होती, पट्टी कशी धरायची इथपासून सगळं शिकवलं होतं. रविवारी तो घरी आला.

"ताई, वही दे. तुमच्या ऑफिसातला स्कॅनर नुसता शोभेचा. आमच्याकडे दोन दिवसांत चढवून देतो."

"पानं सैल झालीत रे. जपून हाताळ."

"अगं, ही वही म्हणजे माझी दुसरी बहीणच. पहिलीपेक्षा कमी ओरडणारी!"

तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि वही जुन्या ओढणीत गुंडाळून दिली.

दोन दिवसांचे पाच आठवडे झाले. विचारलं की "होतंय गं" एवढंच.

मग सगळ्या खात्यांची बैठक झाली. भिंतीवर नकाशा उमटला. काळे रस्ते, विजेच्या लाल रेषा, आणि पाण्याच्या निळ्या. शाईताईनं आपली वळणं लगेच ओळखली. शाळेच्या मागचं ते वेडंवाकडं वळण तर तिनं तीनदा मोजलं होतं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: "भूमिगत सर्वेक्षण: रस्ते विभाग." मोठे साहेब धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "यांनी स्वतः पायी फिरून हे केलंय. नव्या नकाशा कक्षाची जबाबदारी आम्ही यांच्याकडेच देतोय." मग पाणीवाल्यांकडे वळून, "तुमची माहिती मात्र अजून आलेली नाही. निदान या कामात तरी हात आखडू नका."

तिच्या खात्याच्या साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "काय शाईताई, तुम्हीच ना अर्ज करत होतात?"

तिनं भावाकडे पाहिलं. तो समोरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत बसला होता. चारचौघांत त्याला उघडं पाडायचं तिच्या जिवावर आलं. शब्द घशापर्यंत आले आणि तिनं ते गिळले. पण तेवढ्यात तिला आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती मात्र गिळण्यासारखी नव्हती.

"दवाखान्याच्या रस्त्यावरचा व्हॉल्व्ह उलट्या बाजूला दाखवलाय," ती म्हणाली.

"ताई, आता ते कॉम्प्युटरवर आहे," धाकटा वर न बघता म्हणाला. "आता पावलं मोजायची गरज नाही."

सगळे हसले. तिच्या खात्यातलेसुद्धा.

बैठकीनंतर तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी दवाखान्यासमोर मुख्य नळ फुटला. पाणी पायऱ्या चढून आत शिरू लागलं. नवा नकाशा बघून मजुरांनी रस्त्याची एक कड फोडली. व्हॉल्व्ह नाही. आणखी दहा फूट फोडली. नाहीच. धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. शाईताईचा फोन वाजला.

"ताई, डावी म्हणजे कुठली डावी?"

ती चप्पल घालून निघाली.

रस्तेवाले डावी-उजवी मोजतात ती चौकातून निघून. पाणीवाल्यांची डावी वेगळी. टाकीकडे पाठ करायची, पाणी जिकडे जातं तिकडे तोंड करायचं, मग जो डावा हात तो डावा. जिथे पाणी चौकाकडून पुढे जातं तिथे दोन्ही डाव्या एकच. दवाखान्याच्या रस्त्यावर पाणी टाकीकडून चौकाकडे येतं. तिथे सगळं उलटं.

शाईताई त्या चिखलात टाकीकडे पाठ करून उभी राहिली, शिंप्याच्या पायरीपासून अकरा पावलं चालली आणि टाचेनं खूण केली. वीस मिनिटांत झाकण लागलं, व्हॉल्व्ह फिरला, पाणी थांबलं.

धाकटा कडेला फोनवर होता. "हो साहेब, सापडला. नाही, नकाशा बरोबरच आहे. आमच्याच वहीत नोंद होती."

आमच्याच. ती त्याच्यापासून चार हातांच्या अंतरावर उभी होती, साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली, आणि त्यानं तो शब्द तिच्यादेखत वापरला.

"वही दे," ती म्हणाली.

"ताई, इथे नको ना तमाशा. घरातलं आहे, घरात बोलू."

"घरातूनच नेलीस ती."

संध्याकाळी शिपायाच्या हाती वही आली. ओढणी नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं पाचही खात्यांना एकच पत्र लिहिलं. "सामायिक नकाशातले पाण्याचे निम्मे व्हॉल्व्ह उलट्या बाजूला पडले आहेत. मूळ वहीतली डावी ही पाण्याची डावी आहे. दुरुस्तीसाठी वहीच्या सर्व पानांच्या प्रती जोडल्या आहेत. मोजणी करणारी," आणि खाली सही, शाईची. ते पत्र नकाशाला जोडल्याशिवाय नकाशा वापरता येणार नव्हता, त्यामुळे कोणी काही न विचारताच सगळ्यांना सगळं कळलं. धाकट्याचा कक्ष गेला. त्याचे तिला येणारे फोनही बंद झाले.

"कामाचं श्रेय घेतलंन, ते एक वेळ मी सोडलं असतं," ती नवऱ्याला म्हणाली. वही तिच्या मांडीवर होती, आणि सुटलेलं पान ती खळीनं चिकटवत होती. "पण त्याला हात धरून त्याच रस्त्यावर उभं केलं होतं मी. टाकीकडे पाठ कर म्हटलं, तर म्हणाला, कळलं ताई, कळलं. अहो, त्यानं ऐकलंच नव्हतं."

नवऱ्यानं पानाची सुटी कड बोटानं दाबून धरली. ती पुढचं पान घेईपर्यंत त्यानं बोट काढलं नाही.