सुभेदारांचं भाषण

सुभेदार लालासाहेब माने तंटामुक्तीचे अध्यक्ष झाले तेव्हा गावात गुलाल उधळला गेला. आता हे पद म्हणजे काही आमदारकी नव्हे. पगार नाही, गाडी नाही. बांधाची, पाण्याच्या पाळीची, भावाभावांची भांडणं पोलीस ठाण्यात जायच्या आत गावातच मिटवायची, एवढंच काम. पण ज्याचा शब्द दोन्हीकडचे ऐकतात तो गावाचा न्यायाधीशच की! आणि अठ्ठावीस वर्षं पलटणीत काढलेल्या माणसाला पेन्शनीत आल्यावर नुसतं 'राम राम' पुरत नाही. लालासाहेबांना ती खुर्ची हवी होती, मनापासून हवी होती. खोटं कशाला बोला?

अडचण एकच होती, बिराप्पा. तासगावच्या पूर्वेला असलेल्या या गावाच्या टोकाशी धनगरांची दहा-बारा घरं, त्यातला हा सत्तरीचा म्हातारा. सहीच्या जागी अंगठा. पण त्याची भांडण मिटवायची रीत बघून वकिलानं तोंडात बोट घालावं. बांधाचा वाद आला की तो दोघांनाही चपला काढायला लावायचा आणि बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बरोबर चालवायचा. मध्ये अवाक्षर बोलायचं नाही. "आदी चाला, मग काय भांडायचं ते भांडा." चालताना एकाच्या पायात काटा मोडायचा, दुसऱ्याला वाकून तो काढावा लागायचा, आणि निम्मा राग तिथंच उतरायचा. कुठल्याही पदाशिवाय हा माणूस वीस वर्षं हेच करत आला होता. त्यामुळे पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत निम्मं गाव म्हणत होतं, आता बिराप्पालाच अध्यक्ष करा.

लालासाहेबांनी माईक हातात घेतला. कामाबद्दल बोलून जिंकता येणार नाही हे त्यांना कळत होतं. मग त्यांनी बिराप्पाच्या विचारांना हात घातला. त्याच उन्हाळ्यात शाळेच्या कार्यक्रमात एका पाहुण्यानं बाह्या सरसावून युद्धाचं भाषण ठोकलं होतं, तेव्हा बिराप्पा उभा राहून म्हणाला होता, "लढाई पुढारी मागत्यात आन् पोरं आमची जात्यात. ह्यात कुणाचं भलं हाय?" त्याचा स्वतःचा मुलगा सिद्धू चार वर्षांपूर्वी सीमेवर कामी आला होता, म्हणून त्या दिवशी कुणी काही बोललं नव्हतं.

तेव्हा जे कुणी बोललं नव्हतं, ते आता लालासाहेब बोलले. "बिराप्पा आबा माणूस चांगला, पर त्यांचे इचार बघा! जवान तिकडं छातीवर गोळ्या झेलतोय आन् हे हितं बसून म्हणत्यात लढाईत कुणाचं भलं न्हाई. ज्याला देशाचं बरंवाईट कळत न्हाई, त्याच्या हातात गावाचा न्याय द्यायचा?" भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. हात वर झाले, भराभर मोजले गेले आणि सुभेदार अध्यक्ष झाले.

बिराप्पानं त्यांच्याकडे एकदा बघितलं. टोपी सारखी करून म्हातारा घरी गेला.

आता ती खरी गोष्ट, जी सुभेदारांच्या काळजात रुतून बसली. लढाईचं ते वाक्य बिराप्पाचं नव्हतंच. सिद्धू लालासाहेबांच्याच तुकडीत होता. तिरंग्यातली पेटी घेऊन गावात आले होते तेही लालासाहेबच. पुढारी आले, हार घातले, फोटो झाले, गाड्या निघून गेल्या. मग बिराप्पाच्या घरात चुलीजवळ हा सहा फुटी गडी लहान पोरासारखा हमसून रडला आणि म्हणाला, "आबा, लढाई पुढारी मागत्यात आन् पोरं आमची जात्यात. ह्यात कुणाचं भलं हाय?" तोवर बिराप्पाच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. हे ऐकलं आणि म्हाताऱ्याचा बांध फुटला. तेच शब्द त्यानं उराशी जपले. आणि तेच शब्द लालासाहेबांनी भर ग्रामसभेत त्याच्या तोंडावर मारले.

बिराप्पानं नुसतं म्हटलं असतं, "सुभेदार, हे तुमीच बोलला हुता की," तर खेळ खलास होता. पण तो बोलला नाही. का बोलला नाही? या एका प्रश्नानं लालासाहेबांना पुरतं पछाडलं. समितीची बैठक भरली, कुणी पाण्याच्या पाळीवरून हातवारे करत बोलू लागला, की त्या माणसाच्या तोंडून बिराप्पाचा आवाज यायचा. लालासाहेब दचकून म्हणायचे, "काय म्हणालास?" समोरचा गोंधळायचा. निकाल चुकू लागले. एका बांधाच्या वादात त्यांनी बिराप्पासारखं दोघांना चालायला लावलं, तर ते दोघं बांधावरच एकमेकांच्या अंगावर गेले. घरी जेवताना घास हातात तसाच राहायचा. त्यांची बायको चंद्राबाई म्हणायच्या, "आवं, कुणाकडं बघताय? हितं मीच हाय न्हवं?"

सव्वीस जानेवारीला तर कहर झाला. झेंडावंदनाला सिद्धूचा बाप म्हणून बिराप्पाची खुर्ची दरवर्षी पहिल्या रांगेत असायची. त्या वर्षी ती मांडलीच नव्हती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी अडवलंही नव्हतं. सुभेदारांचं भाषण गावानं मनावर घेतलं होतं, बास! म्हातारा कुंपणाशी उभा राहिला, झेंड्याला सलाम केला आणि कुणाशी न बोलता गेला. लालासाहेब पहिल्या रांगेत बसून होते. उठावं आणि हाताला धरून आणावं, असं शंभरदा मनात आलं. पाय उचलले नाहीत. शत्रूच्या गोळीला न भ्यालेला माणूस गावाच्या नजरेला भ्याला.

पेन्शनीच्या कामाला साताऱ्याला गेले तेव्हा त्यांनी पलटणीतल्या जोतिबाला सगळं सांगितलं. स्टँडसमोरच्या हॉटेलात जोतिबा चहा ओतत हसला. "सोड रं गड्या! निवडणुकीत आसं चालतंच."

"तुझ्या पोराची पेटी न्हवती ती," लालासाहेब म्हणाले आणि चहा तसाच टाकून उठले. परतीच्या एसटीत त्यांनी ठरवलं, उद्याच जायचं, पाय धरायचे. उद्याचा परवा झाला, परवाची एकादशी झाली, मग द्राक्षांचा हंगाम आला आणि बेदाण्याच्या शेडवर माणसं मिळेनात. सबबींना काय तोटा? फाल्गुनात बिराप्पा गेला. मेंढरांमागं चालता चालता बसला, तो उठलाच नाही.

एक मेच्या ग्रामसभेत लालासाहेबांनी पुन्हा माईक घेतला. त्यांनी सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. ते शब्द कुणाचे, कुठं बोलले, कसे रडले, आणि खुर्चीसाठी म्हाताऱ्याला कसं देशाचा वैरी ठरवलं. "मी ह्या खुर्चीच्या लायक न्हाई," म्हणून ते खाली बसले.

मग सरपंच विश्वजित डोळे पुसत उभा राहिला. "बघा, ह्याला म्हणत्यात मोठ्या मनाचा माणूस! मेलेल्या माणसाची चूक सुभेदारसायबांनी सोताच्या अंगावर घेतली." टाळ्यांचा कडकडाट झाला. लालासाहेब ओरडून म्हणाले, "आरं न्हाई, खरं सांगतोय मी!" जितकं ओरडावं तितक्या टाळ्या वाढत गेल्या. कुणीतरी गळ्यात हार घातला. दोन्ही हातांनी तो ओढताना त्यांना बायकांच्या रांगेत बिराप्पाची बायको तानुबाई दिसली. ते गर्दीतून वाट काढत तिच्यापुढं जाऊन उभे राहिले.

"काकी, तुमी तरी सांगा ह्यांना. तुमी हुता की तवा, चुलीम्होरं."

तानुबाईनं पदर सावरला. "व्हय, हुते की. मला सगळं ठावं हाय. त्या ग्रामसभेदिवशीच सांगाय निगाले हुते, त्येंनीच मला बसवलं. म्हनले, सुभेदार सोता येऊन बोलंल. दारात गाडी वाजली की उठून बसायचे. शेवटापातूर वाट बगितली तुमची."

मग ती शेजारणीचा हात धरून उठली आणि घराकडं चालू लागली. मागं टाळ्या अजून चालूच होत्या.