डुकरं कापणाऱ्या बुआपानला आलेली नोटीस

मून नदीकाठच्या त्या थाई गावात लग्न असो की मयत, डुक्कर कापायला बुआपानच लागायची. डुकराच्या मानेवर गुडघा रोवून ती एका हिसक्यात सुरी घुसवायची आणि रक्त पातेल्यात धरायची, थेंब सांडू न देता. नवऱ्याने एकदा दारू पिऊन हात उगारला, तर तिने त्याचं कोपर मोडलं आणि दवाखान्यातही स्वतःच घेऊन गेली. अशा बाईला लबाड म्हणायला सरकारचंच काळीज हवं.

नोटीस शेजारणीने वाचून दाखवली. मुलाच्या नावाची फौजेची पेन्शन चालू असताना दहा वर्षं म्हातारपणाचा भत्ताही घेतला, दुसरी पेन्शन नाही असं खोटं सांगितलं. चौऱ्याऐंशी हजार बाट तीस दिवसांत भरा, नाहीतर फौजदारी. बुआपानचं घर विकूनही तेवढे आले नसते. पण तिला झोंबलं ते ‘खोटं’. उभ्या जन्मात तिने कुणाला मापात मारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पंचायतीचा कारकून प्रासोंग दारात आला. दहा वर्षांपूर्वी तिचा फॉर्म यानेच भरला होता. ती अंगणात ओंडक्यावर लग्नाचं डुक्कर तोडत बसली होती.

“मावशी, हप्ते पाडून देतो. मुलाच्या पेन्शनीतून वळते करू. इथे अंगठा द्या.”

तिने त्याचं मनगट धरून ओंडक्यावर आपटलं.

“याच हाताने लिहिलास ना फॉर्म? खोटं कुणी लिहिलं ते सांग. नाहीतर बोटं मोजून ठेव, घरी जाताना कमी भरतील.”

“मावशी, सोडा.”

सुरा खाली आला. त्याच्या करंगळीशेजारी डुकराचा पाय तुटला आणि हाडाच्या कपच्या त्याच्या तोंडावर उडाल्या.

“पुढचा घाव तुझ्यावर.”

“तुम्हीच सांगितलंत,” प्रासोंग रडायलाच लागला. “मी विचारलं, दुसरी पेन्शन येते का? तुम्ही म्हणालात, पेन्शन कसली, मुलगा पैसे पाठवतो. कुठे असतो? म्हणालात, फौजेत, दक्षिणेला. रजा मिळाली तर सोंगक्रानच्या सणाला येईल. मावशी, झेंड्यात गुंडाळलेली त्याची पेटी उतरवताना एक बाजू मी धरली होती. तुमच्या तोंडावर कसं म्हणू की तो मेलाय? ‘नाही’ लिहून मोकळा झालो.”

खरं होतं ते. तिचा मुलगा अनुचा बॉम्बस्फोटात गेला, तेव्हा पेटी तिला उघडू दिली नव्हती. तेव्हापासून दर महिन्याला बँकेत जाऊन ती विचारायची, पोराने पाठवले का? आणि खिडकीतली मुलगी म्हणायची, हो आजी, पाठवले. सगळं गाव सांभाळून घेत होतं.

“तेव्हाच का नाही बोललास, मुडद्या?” सुऱ्याची पाठ तिने त्याच्या खांद्यावर हाणली. मग त्याचा हात सोडला आणि डुकरावर घाव घालत सुटली. मांडी, फासळ्या, डोकं, सगळ्याचा चेंदामेंदा झाला. लग्नघरच्यांना ते मांस वाढता येणार नव्हतं. प्रासोंग खांदा धरून तिथेच बसून होता. पळाला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

दम लागला तेव्हा ती थांबली.

“हे साहेबापुढे सांगशील?”

“सांगीन. नोकरी गेली तर गेली. पण माझ्या एकट्याच्या सांगण्याने भागणार नाही. तो गेलाय आणि ते ऑफिसला तेव्हाच ठाऊक होतं, असा तुमचा जबाब लागेल. तुमच्या तोंडून.”

बुआपानने सुरा ओंडक्यात रोवला. तोंडावर उडालेलं रक्त तिने पुसलंही नाही.

“लिही,” ती म्हणाली. “माझा मुलगा अनुचा मेला.”

प्रासोंगने लिहिलं. “तारीख?”

“तूच सांग,” ती म्हणाली. “मी कधी विचारली नाही.”