तुटलेल्या क्रुसावरची मेणबत्ती

किनाऱ्यावरचा तो फुटलेला क्रूस मला आजही जसाच्या तसा आठवतो. तेव्हा मी रेवदंड्याच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत खाडीकाठी एक ख्रिस्ती वाडी आणि तिला लागूनच कोळीवाडा. दोन्हींच्या मधे, वाळूच्या कडेला, चुन्यात बांधलेला पुरुषभर उंचीचा जुना क्रूस. वाडीची रीत अशी, की रोज तिन्हीसांजेला एका घराने तिथे मेणबत्ती लावायची. घराघराची पाळी ठरलेली. पाऊस असो, वारा असो, पाळी चुकवायची नाही.

एका सकाळी वाडीतली पंधरा-वीस माणसं ठाण्यात आली. क्रूस कोणीतरी फोडला होता. फिर्याद द्यायला त्यांनी पुढे केलं ते एका म्हाताऱ्याला. पासष्टीचा, चर्चमध्ये प्रार्थना सांगणारा, दोनच आठवड्यांपूर्वी बायको गेलेली. तो फारसा बोलला नाही. ठाणे अंमलदाराने 'अज्ञात इसमाने' असं लिहून कागद पुढे सरकवला, त्याने सही केली. वय झालंय, दुःखात आहे, असं मी धरून चाललो. पोलिसाने काही धरून चालू नये, हे मी नव्या शिपायांना नेहमी ऐकवत असे.

पंचनामा करून परततोय तोच मोबाईलवर खबर आली. कोळीवाड्यातला एक तरुण आदल्या संध्याकाळी पहार घेऊन क्रुसाजवळ दिसला होता. बोंबील वाळवायच्या जागेवरून त्याचं वाडीशी महिनाभर वाजत होतं. 'हा क्रूस मधे येतो,' असं तो चारचौघांत बोललाही होता. हेतू, हत्यार, साक्षीदार, सगळं आयतं मिळालं. शिवाय दोन्ही वस्त्यांत माणसं घोळक्याने उभी राहू लागली होती. डोकी फुटायच्या आत मला आरोपी हवा होता. मी त्याला उचलला.

"पहार घेऊन काय करत होतास?"

"बांबू रोवाला खड्डे काढत होतो, साहेब. तो मी न्हाय तोडला. बोट निंगताना आमी बी त्याला हात जोडताव."

"मग मधे येतो, असं कोण म्हणालं?"

"रागात बोललो. भांडनात मानूस बोलतो."

मी त्याच्या दोन कानाखाली वाजवल्या. त्याने मान खाली घातली, पण उत्तर बदललं नाही. त्याची आई ठाण्याच्या पायरीवर बसून होती. तिला घरी जायला सांगितलं, ती हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहारीचे घाव नीट पाहायला हवालदाराला घेऊन पुन्हा जागेवर गेलो. मेणबत्ती ठेवायचा कोनाडा खाली चौथऱ्यात होता, तो पडलेल्या दगडांखाली पार दबला होता. पण वर उरलेल्या खुंटावर, ताज्या तुटलेल्या भागावर, मेण ओघळून सुकलं होतं.

"साहेब, हे काल पंचनाम्यात लिहिलंय की," हवालदार म्हणाला. लिहिलं होतं खरं. मी न वाचताच सही केली होती.

म्हणजे क्रूस फुटल्यानंतर त्यावर कोणीतरी मेणबत्ती लावली होती. वैऱ्याने ती लावली नसती. आणि दुसऱ्या कोणी फोडलेला क्रूस वाडीतल्या माणसाने पाहिला असता, तर मेणबत्ती बाजूला ठेवून त्याने आधी सगळा गाव गोळा केला असता. मी तिथल्या बायकांना विचारलं, परवा पाळी कोणाची होती? एकीने फिर्यादीच्याच घराकडे बोट दाखवलं.

म्हातारा ओट्यावर बसला होता. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "त्या पोराला सोडा, साहेब."

मी शेजारी बसलो.

"नऊ दिवस गुडघ्यावर बसून प्रार्थना केली. दहाव्या दिवशी ती गेली. परवा पाळीला गेलो तर त्याच्याकडं बघवेना. तिथंच पहार पडली होती."

"मग मेणबत्ती कशाला लावलीत?"

त्याला माझा प्रश्नच कळला नसावा. "पाळी माझी होती," तो म्हणाला.

"काल सही करताना का बोलला नाहीत?"

"सगळी मला धीर देत सोबत आलेली. त्यांच्यासमोर तोंड उघडेना. पोराला धरलं, मग तर आणखीच उघडेना."

तरुणाला सोडलं, म्हाताऱ्याचा जबाब घेतला. चर्चचे फादर येऊन गुन्हा मागे घेता येईल का, असं विचारून गेले. ते माझ्या हातात नव्हतं. कागद कोर्टात गेले आणि पुढे किरकोळ शिक्षेवर मिटलं.

रविवारी मी बंदोबस्तासाठी चर्चच्या दारात उभा होतो. मिस्सा ही रविवारची प्रार्थना संपल्यावर म्हातारा पुढे गेला आणि आपण काय केलं ते त्याने सगळ्यांना सांगितलं. काही जण उठून गेले. एकाने शिवी घातली. तिथून तो तसाच चालत कोळीवाड्यात गेला, मीही हवालदारासोबत जीपमधून मागोमाग. तरुण दारात जाळं दुरुस्त करत होता.

"माझ्यामुळं तुला मार बसला. मी गप्प राहिलो. माफ कर."

तरुणाने हातातली गाठ पुरी केली आणि जाळं बाजूला ठेवलं. मग तो म्हणाला, "बसा, काका," आणि आईला चहा ठेवायला सांगितलं. त्यानंतर त्याने माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळात पाहिलं आणि हवालदाराला जीप काढायला सांगितली.

वाडीने दोन महिन्यांत क्रूस पुन्हा बांधला. पाळीतून म्हाताऱ्याचं घर वगळायचं का, यावर बैठकही झाली. वगळलं नाही. त्याचा दिवस आला तेव्हा तोच गेला आणि मेणबत्ती लावून आला. मला तेव्हा हे विचित्रच वाटलं. आमच्या खात्यात एकदा पडलेला शेरा निवृत्तीपर्यंत पाठ सोडत नाही.

या केसने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. पंचनामा वाचून मग सही करावी, असं मी हसून सांगतो. खरं उत्तर सांगायची लाज वाटते.

तो तरुण आता स्वतःची बोट चालवतो. रेवदंड्याला मासळी घ्यायला गेलो की लांबूनच साहेब म्हणून हाक मारतो, चांगलं पापलेट निवडून देतो. त्या दोन थपडांची नोंद ठाण्याच्या कुठल्याही डायरीत नाही. म्हाताऱ्याला त्याच्यासमोर उभं राहायला चार दिवस लागले. मला निवृत्त होऊनच सहा वर्षं झाली. दर वेळी आज बोलायचंच असं ठरवून जातो, आणि मासळी घेऊन परत येतो.