रविवारचा दहाचा फोन

आमच्या शारजात तेव्हा रविवार हा कामाचा पहिला दिवस असायचा. सुट्टी शुक्रवार-शनिवारी, आणि त्यातला शुक्रवार असा की साडेअकराच्या सुमाराला आमच्या रोल्ला भागातल्या दुकानांची शटर्स धडाधड खाली यायची, ती नमाज होईपर्यंत वर जायची नाहीत. मोहरी संपलीय हे मला नेमकं शुक्रवारी बाराला कळायचं. मग मी शहाणी झाले आणि गुरुवारी संध्याकाळीच सगळं भरून ठेवायला लागले. रविवार मात्र अंगवळणी पडेना. मी भारतीय शाळेत शिकवायचे, आणि रविवारी साडेसहाला शाळेच्या बसमध्ये बसताना दरवेळी कुणीतरी आपल्याला फसवलंय असं वाटायचं.

सासरे रत्नागिरीला एकटे राहायचे. निवृत्त हेडमास्तर. त्यांचा रविवार मोकळा, म्हणून नवरा ऑफिसच्या चहाच्या वेळेत, दहाला, त्यांना फोन करायचा. तिकडे साडेअकरा झालेले असायचे, बाबांचा पेपर वाचून झालेला असायचा. बँकेतली कायमची नोकरी सोडून मुलगा आखातात गेला, हे त्यांना कधीच पटलं नव्हतं. पण फोनमागे प्रिंटरची घरघर आणि कुणाचं तरी हिंदी ऐकू आलं की ते निवळायचे. मुलगा कामात आहे, एवढं त्यांना पुरायचं.

दोन हजार आठच्या शेवटी मंदी आली आणि पुढच्या मार्चमध्ये नवऱ्याच्या बांधकाम कंपनीने निम्मी माणसं काढली. त्यात हाही होता. माझ्या नोकरीवर त्याचा व्हिसा काढता आला म्हणून राहता तरी आलं. बाबांना कळू द्यायचं नाही, नवी नोकरी लागली की मग सांगू, असं त्याने मला बजावलं. फार तर दोन महिने, मी म्हटलं.

पण रविवारचा फोन चुकवून चालणार नव्हतं, आणि घरातून केला तर शांतता ऐकू गेली असती. म्हणून तो रोल्लातल्या एका टायपिंग सेंटरमध्ये जाऊन बसायला लागला. व्हिसाचे अर्ज टाईप करून देणारं एवढंसं दुकान, पण आत प्रिंटर सतत चालू आणि गिऱ्हाइकांचा कलकलाट. मालक केरळचा, भला माणूस. "यल्ला, चलो, उधर बैठो," एवढंच म्हणायचा. नवरा इस्त्रीचा शर्ट घालून तिथे बसायचा आणि बाबांना सांगायचा, खूप काम आहे. मला त्याचा भयंकर राग यायचा. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात; इथे तर दूधही नव्हतं. सहा महिने असेच गेले. घरी कुणाचाही फोन आला की मीही तेच म्हणायचे, हे ऑफिसला गेलेत. सवयच झाली.

त्या वर्षी आमच्याकडे ईद रविवारी आली. भारतात सोमवारी होती, नेहमीसारखी एक दिवस पुढे. शाळा बंद, टायपिंग सेंटर बंद, सगळंच बंद. आज सुट्टी आहे असं खरं सांगून टाक, मी नवऱ्याला म्हटलं. तर तो म्हणाला, बाबांच्या कॅलेंडरवर ईद उद्या आहे, सुट्टी म्हटलं की दहा प्रश्न विचारतील. आणि कुठे काही उघडं आहे का ते बघायला तो खाली उतरला. मी त्याला अडवलं नाही.

सव्वादहाला घरचा फोन वाजला. बाबा होते. ते स्वतःहून कधी फोन करत नसत. नवरा कुठे आहे विचारल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "हे ऑफिसला गेलेत."

मग बाबांनी शांतपणे सांगितलं. शेजारच्यांचा मुलगा शारजातच असतो, त्याने सकाळीच घरी फोन करून ईद मुबारक म्हटलं होतं. तिकडे आज सगळं बंद आहे असं कळलं, तेव्हा तुम्ही दोघं घरी असाल म्हणून फोन केला.

नवीन थाप मारायची तर जीभ उचलेना, आणि खरं सांगायचं नाही असं मी कबूल केलेलं.

"कधीपासून?" बाबांनी विचारलं.

"मार्चपासून," मी म्हटलं, आणि मला रडू आलं.

"रडू नकोस गं. आणि मला कळलंय हे त्याला सांगू नकोस. करतोय तसा करू दे त्याला फोन."

अकरा वाजता नवरा घामाघूम होऊन परत आला. कुठेच काही उघडं नाही, संध्याकाळी करतो, म्हणाला. मी त्याला पाणी दिलं. त्यानंतर दर रविवारी शाळेत दहाची घंटा झाली की फळ्यावरचं माझं वाक्य अर्धंच राहायचं. एक खोटं बोलतोय, दुसरा ते ऐकून घेतोय, आणि मला दोघांनीही गप्प बसवलेलं.

डिसेंबरात रास अल खैमाच्या एका टाइल्सच्या कारखान्यात त्याला नोकरी लागली. पगार कमी, आणि तिथेच राहायचं, शुक्रवारी घरी. मला हिवाळ्याची सुट्टी होती. कागद टाईप करायचे होते म्हणून त्या रविवारी मीही टायपिंग सेंटरमध्ये गेले आणि त्याच्या शेजारी बसले. दहाला त्याने फोन लावला. बाबा मोठ्याने बोलायचे, सगळं मला ऐकू येत होतं. जास्त चांगली ऑफर आलीय, ही कंपनी सोडतोय, असं नवऱ्याने सांगितलं.

"छान झालं," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, "पण ते सोडतील का रे तुला? तुझ्यावाचून अडेल त्यांचं. हातातलं काम कुणालातरी नीट समजावून दे, मगच नीघ."

"हो बाबा," नवरा म्हणाला, "महिनाभर तरी लागेल ते करायला." किती महिन्यांनी त्याचा चेहरा असा उजळला होता.

फोन ठेवून तो मला म्हणाला, बघ, बाबांना शेवटपर्यंत काही कळलं नाही. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?