घासूनाना आणि मेहुण्याच्या लग्नाची सीडी

आमच्या शेजारच्या घासूनानांचं खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक. तीस वर्षं त्यांनी चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासल्या. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, तेव्हा चरे पडलेल्या सीडी घासायला घेतल्या. आता सीडी बघतं कोण, असं सगळेच म्हणतात. पण प्रत्येकाच्या कपाटात एक असतेच, आणि ती नेमकी हव्या त्या जागी अडकते.

नानांची सामग्री घरातलीच. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, मऊ झालेला जुना बनियन आणि साधी पांढरी टूथपेस्ट. केळ्याच्या सालीचा प्रयोगही त्यांनी आठवडाभर केला. त्या आठवड्यात त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, अख्ख्या मजल्याला केळी खायला लावली. घासायचं ते मधून कडेकडे, सरळ. कुणी गोल हात फिरवला की नाना मनगट धरतात. "पातेलं आहे का ते?"

त्यांचं शास्त्र असं, की चकचकीत बाजूला नुसतं प्लास्टिक असतं, तिथला चरा घासून जातो. खरा माल छापील बाजूच्या लगेच खाली. तिथे टाचणी जरी ओढली, तरी ती सीडी देवसुद्धा वाजवू शकत नाही. आजवर बेचाळीस सीडी केल्या, चाळीस चालल्या. उरलेल्या दोन सीडींवर मालकांनी बॉलपेनने दाबून नावं लिहिली होती. ते दोघे मालक समोर आले की नाना अजून रस्ता बदलतात.

असा हा माणूस, पण बायकोचा भाऊ चौदा वर्षं त्यांच्या घरी आलेला नव्हता. कारण चष्मा. मेहुण्याच्या लग्नात नानांनी स्वतः काचा घासून केलेला नवा चष्मा नवरदेवाच्या सोफ्यावर मोडलेला सापडला, आणि त्यावर खुद्द नवरदेव बसलेला. "नवरदेव झाला म्हणून काय झालं, बसायच्या आधी बघावं माणसानं," असं नाना शंभर पाहुण्यांत म्हणाले. पुढे प्रत्येक घरगुती जेवणात म्हणत राहिले. "मी बसलो तेव्हा तो मोडलेलाच होता," असं मेहुणा सांगत राहिला. शेवटी तो म्हणाला, "भावोजी शब्द मागे घेईपर्यंत मी तुमच्या दारात पाऊल ठेवणार नाही." तेव्हापासून बहीणभाऊ बागेतल्या बाकावर भेटायचे.

आता त्याची बदली झाली होती, पोचायलाच दोन दिवस लागतील इतक्या लांब. जायच्या आधी भावाने एकदा आपल्या घरी जेवावं, एवढंच वहिनींचं मागणं. आणि त्याच आठवड्यात स्वेटरांच्या गठ्ठ्यात त्यांना त्या लग्नाची सीडी सापडली.

"यात दिसेलच की, कोण कधी बसलं ते!" वहिनी म्हणाल्या.

"काही दिसायचं नाही. कॅमेरावाला झोपाळू होता," नाना म्हणाले.

त्यांचा प्लेयर बिघडलेला, म्हणून आमचा नेला. प्लेयर आमचा, तेव्हा हजर राहणं मला भागच होतं. सीडी सुरू झाली. रिकामा हॉल, रिकामा सोफा, कॅमेरावाला कॅमेरा जुळवतोय. इतक्यात डावीकडून चौदा वर्षं तरुण नाना आत शिरले, आणि चित्राचे चौकोन चौकोन झाले. नाना तिथे अडकले. इकडे खुर्चीतलेही जरा अडकल्यासारखेच दिसत होते.

"करा दुरुस्त," वहिनी म्हणाल्या.

"चरा खोल आहे गं."

"चाळीस चालवल्यात. लोकांच्या."

वहिनी पाणी कोमट करायला आत गेल्या. नाना उठले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची टाचणी काढून आले. सीडीची छापील बाजू वर करून बसले. मी प्लेयरची वायर सरळ करत होते. ती सरळच होती.

नानांनी टाचणी टेकवली, पण ओढली नाही. मग सीडी उलटी करून खिडकीच्या उजेडात धरली, जरा तिरकी केली, चष्मा कपाळावर ढकलून चरा बघितला.

"बघा," ते मला म्हणाले, "घासून निघण्यासारखा आहे."

"मग?"

"मग काय? निघण्यासारखा चरा तसाच ठेवायचा?"

टाचणी कॅलेंडरवर परत गेली. नानांनी दीड तास घासलं. मधून कडेकडे, सरळ. आमची टूथपेस्टही मागवली.

या खेपेला सीडी अडकली नाही. पडद्यावरचे नाना आत आले, चष्मा काढून सोफ्यावर ठेवला, रुमालाने तोंड पुसलं, सोफा दाबून पाहिला आणि आरामात बसले. लगेच उठले. चष्म्याचे दोन तुकडे उचलले, इकडेतिकडे पाहिलं, तुकडे शेजारी शेजारी मांडले आणि निघून गेले. त्यानंतर नवरदेव आला, बसला आणि उडाला.

वहिनींनी नानांकडे पाहिलं.

"कुठे अडकली का?" नानांनी विचारलं.

"नाही."

"आवाज खरखरला?"

"नाही. तीस वर्षं चष्मे केलेत तुम्ही!"

"म्हणून तर," नाना खाली बघत म्हणाले. "चष्मेवाला स्वतःच्या चष्म्यावर बसला, हे सांगायचं कुणाला?"

वहिनींनी फोन लावला, त्यांच्या हातात दिला आणि पलीकडचं सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"अरे, तुझ्या लग्नाची सीडी झाली दुरुस्त," नाना म्हणाले. "त्यात असं दिसतंय की तू बसायच्या आधी मी बसलो होतो. चूक माझी. शब्द मागे घेतो."

"तुम्ही आधी बसला होतात, हे मला माहीतच होतं, भावोजी. सोफा गरम होता."

वहिनींनी फोन ओढून घेतला. "रविवारी जेवायला ये. आणि येताना टूथपेस्ट आण, घरात थेंब नाही."

रविवारी तो आला. दारात चप्पल काढली, टूथपेस्ट बहिणीच्या हातात दिली, आणि बैठकीच्या खोलीत उभाच राहिला.

"बस ना," नाना म्हणाले.

"तुमचा चष्मा कुठे आहे?"

"नाकावर."

त्याने नीट बघून घेतलं, मग बसला.