विंचवावर न चालणारा मंत्र

जन्मभर दुसऱ्यांच्या बऱ्यावाईट बातम्या तारेनं पोचवणारे माझे काका गेले, ते मला साध्या पोस्टकार्डानं कळलं. खामगावच्या मुलींच्या शाळेत मी वर्गावर होते. शिपायानं कार्ड हातात दिलं. बाबांचं अक्षर : ‘येसू गेला. सगळे आटोपले आहे. घाई करू नकोस.’ मी कार्ड पुस्तकात घातलं आणि उरलेला तास भूगोल शिकवला. काय शिकवलं, देव जाणे. त्या ‘घाई करू नकोस’चा मला राग आला होता. ज्या धाकट्या भावाशी हा माणूस एकाच घरात राहून वर्षानुवर्षं बोलला नाही, त्यानं त्याच्या मरणाला घाई कशाला म्हणावं... असं काहीबाही मनात येत होतं. आता महिना-दीड महिना उलटला आहे. राग ओसरला आहे, म्हणून लिहायला बसले.

यशवंतकाका तारखात्यात तारमास्तर होते. ऐन तरुणपणी डोणगाव सोडून गेले, आणि बदल्या होत होत हिमालयाच्या पायथ्याशी कालिम्पाँगला स्थिरावले. तिबेटातून लोकर घेऊन खेचरांचे तांडे तिथं उतरत. अशाच एका तांड्याबरोबर आलेल्या म्हाताऱ्या लामाशी त्यांची ओळख झाली, आणि पुढं ती ओळख गुरु-शिष्याची झाली. पेन्शन घेऊन काका-काकू डोणगावला परतले तेव्हा सामानात एक ट्रंक, जाड लोकरीची घोंगडी आणि लाकडी मण्यांची माळ एवढंच होतं. गावानं कपाळावर हात मारला. आमच्याकडे नोकरीवरून परतलेला माणूस निदान गच्चीचं घर तरी बांधतो.

काका पहाटे उठून मागच्या खोलीत घोंगडी अंथरून बसायचे. मूर्ती नाही, फूल नाही, उदबत्ती नाही. माझी काकू म्हणजे सोवळ्याओवळ्याची खाण. तिचा जीव कासावीस व्हायचा. “आंघोळ केल्याबिगर कायचा जप करता हो?” ती म्हणायची. काका शांतपणे म्हणायचे, “आंघोळीनं जे निघत नाही ना, त्याच्यासाठी हाय हा जप.” यावर काकू दाणकन तांब्या ठेवायची. तो आवाज आमच्या घरातल्या पहाटेचाच भाग होता.

मी एका सुट्टीत खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. मंत्र वज्रसत्त्व या बौद्ध देवतेचा, शंभर अक्षरांचा. मूळ संस्कृत, पण तिबेटी तोंडातून आल्यामुळे आपल्या कानाला बोबडा वाटणारा. बसायचं, आणि आपल्या हातून जे वाईट घडलं ते जसंच्या तसं आठवायचं. मग डोक्यावर पांढराशुभ्र वज्रसत्त्व बसला आहे, त्याच्यातून दुधासारखी धार आपल्या अंगात उतरते आहे, आणि आतला सगळा काळा गाळ तळपायांतून निघून जमिनीत जातो आहे, असं मनात बघत मंत्र म्हणायचा. शेवटी, हे पुन्हा करणार नाही, असं ठरवून उठायचं. “सोपं आहे की,” मी म्हटलं. काका हसले. “धार आननं सोपं हाय शांते. आठवनं कठीन. आठवता आठवता मानूस आपलीच वकिली कराले लागते.” तुम्ही काय आठवता, हे मात्र मी विचारलं नाही. काकांच्या हातून काही वाईट घडलं असेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

गावानं आपला अर्थ लावून घेतला होता. आमच्या भागात पहाटे माळ घेऊन पुटपुटणारा माणूस एक तर वेडा, नाही तर विंचू उतरवणारा. काका वेडे वाटत नव्हते, तेव्हा ते दुसरेच ठरले. विंचवाच्या मंत्राचे नियमही सगळ्यांना पाठ : जाणत्यानं पैसा घ्यायचा नाही, आणि दारी आलेल्या वैऱ्यालासुद्धा नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं की मंत्र मरतो.

म्हणूनच एका उन्हाळ्यात, मी सुट्टीला आले असताना, दिवेलागणीला संपतराव आमच्या अंगणात पाऊल ठेवू शकले. त्यांचं आणि आमचं शेत शेजारी, मध्ये धुऱ्यावर विहीर. ही विहीर दोघांची की एकट्या आमची, यावर मी जन्मायच्या आधी भांडण कचेरीत गेलं होतं. निकाल आमच्या बाजूनं लागला. संपतरावांचा भाजीचा मळा वाळला, आणि तेव्हापासून त्या घरातलं कुणी आमच्या घराकडे मान वळवून बघत नसे. त्या संध्याकाळी त्यांच्या हातांवर नात होती, पाचसहा वर्षांची. लाल विंचू चावलेला. पोरगी घामानं भिजली होती, ओठ निळसर, आणि रडणंही थांबलं होतं. मागून निम्मी आळी गोळा झाली.

“मास्तर, उतरव,” संपतराव म्हणाले.

“संपत, माह्या मंत्रानं विंचू उतरत नाही. मेहकरच्या दवाखान्यात नेऊ हिले.”

“वैऱ्याले बी नाही म्हनत नसतात. माहं काय ते माह्याशी पाह्यजो, पोट्टीनं काय केलं तुहं?”

लोकही कुजबुजू लागले. काका किती समजावून सांगत होते, पण विहिरीचं वैर आडवं आलं असंच सगळ्यांना वाटत होतं, आणि वेळ चालली होती. मग काका पायरीवरून खाली उतरले.

“हा मंत्र दुसऱ्याच्या इखावर चालत नाही, संपत. आपल्या सोताच्या घानीसाठी असते हा. तुह्या बापानं आन् माह्या बापानं मिळून खनली ती विहीर. मी डोयानं पाह्यली होती. कचेरीत मी खोटं सांगतलं. तेच धुवाले बसतो मी रोज. आता तरी चाल.”

बाबा ओसरीवर उभे होते, ते आत निघून गेले. काकांनी स्वतःच आमची दमणी जुंपली. बैल पळण्याचे होते. मी पोरीला मांडीवर घेऊन बसले, संपतराव समोर. अर्धा रस्ता झाल्यावर संपतराव म्हणाले, “चालत नसन तरी म्हन ना तं तुहा मंत्र. बरं वाटते.” आणि एरवी ओठांच्या बाहेर न येणारा तो मंत्र काका मेहकरपर्यंत बैल हाकता हाकता मोठ्यानं म्हणत राहिले. डॉक्टर भले होते, जेवत्या ताटावरून उठले. पहाटेपर्यंत पोरीचे हातपाय ऊबदार झाले आणि तिनं पाणी मागितलं. गावानं श्रेय मंत्रालाच दिलं, हे सांगायला नकोच.

परतताना मला वाटलं होतं, संपतराव आता काकांना मिठी मारतील. तसलं काही झालं नाही. वेशीवर उतरताना ते एवढंच म्हणाले, “अंगनात म्हनलं. आता कचेरीत म्हन.” काका त्याच आठवड्यात मेहकरला गेले आणि साहेबापुढं सगळं सांगून आले. विहीर निम्मी झाली. एक दिवस आमची मोट, एक दिवस त्यांची. आमचा ऊस गेला. बाबा काकांशी बोलेनासे झाले. “तीस-तीस वर्षं तिकडं राह्यला, आन् घर बुडवाले आला,” हे त्यांचं शेवटचं वाक्य. तेही काकूला उद्देशून. काका समोरच बसलेले होते. मला बाबांचा तिटकारा आला, तो तेव्हापासूनचा.

काकांची पहाट मात्र चुकली नाही. “आता कशाला बसता? फिटलं की सगळं,” मी एकदा म्हटलं. “दादाले दुखवलं ना,” ते म्हणाले. शेवटच्या आजारातही भिंतीला टेकून बसत. संपतराव रोज संध्याकाळी येऊन उशाशी बसायचे. बाबा दारातून डोकावून परत जायचे...

तेराव्यासाठी मी गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली, तर मागच्या खोलीत कुणीतरी होतं. जाऊन बघते तो बाबा. ज्या माणसानं त्या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता, तो घोंगडीवर मांडी घालून बसला होता. गुडघे दुखतात म्हणून एक पाय अर्धवट पसरलेला. डोळे मिटलेले, गाल ओले. हातात माळ नव्हती.

“बाबा, काकांनी दिला होता का मंत्र तुम्हाला?”

त्यांनी डोळे उघडले नाहीत. “मले कोन देते मंत्र,” ते म्हणाले. मग, “खोटं त्यानं सांगतलं, पन सांगाले लावलं मी होतं. बावीस वर्साचं पोर होतं ते. मीच कचेरीच्या दारापर्यंत हात धरून नेलं... त्या दिवशी अंगनात त्यानं माहं नाव घेतलं नाही, शांते. कचेरीत बी नाही घेतलं.”

“मग आता काय करता इथं बसून?”

“काही नाही. आठवून राह्यलो.”

मी हळूच दार ओढून घेतलं. स्वयंपाकघरात काकू चुलीवर आधण ठेवत होती. तिला म्हटलं, बाबांचा चहा जरा उशिरानं टाक, ते बसले आहेत.